पिठाचा रेडा

त्र्यंबकला मी पिठाचे नाग वळते.
गर्दीच्या दिवसांत तीस, बत्तीस. फण्याला अंगठ्याचा दाब,
डोळ्यांना दोन काळे उडीद.
कुणाच्या आजोबाने कुदळीने मारलेला असतो,
कुणाला नुसता स्वप्नात दिसतो.
मी विचारत नाही. कणीक घट्ट हवी, एवढंच.

भाद्रपदात एक म्हातारा आला, चांदोरकर.
मूळचा पंचवटीचा, हयात गेली आरुषाला,
साहेबांच्या शिकारीच्या जीपा दुरुस्त करण्यात.
गुरुजींना म्हणाला, नाग नाही हो, रेडा मारलाय.
तिकडचा. रानातला.
गुरुजी म्हणाले, नागाचं आहे. रेड्याचं नाही.
मग तो माझ्या ओट्यावर येऊन बसला
आणि पाणी मागितलं.

"आपल्या म्हशीसारखाच ना?"
"म्हैस माणसाला ओळखते, बाई.
तो माणसाला मोजतो."

साहेब तापाने तंबूत पडलेला,
परवान्याचे पैसे भरलेले, बंदूक तेल पिऊन तयार.
"चांदो, तूच मार एक," म्हणाला,
विडी पुढे करावी तसं.
गोळी हातभर मागे लागली. पोटात.

"असा रेडा पळून जात नाही.
उंच गवतात शिरतो, वळसा घेतो,
आणि आपल्याच मागाशेजारी येऊन उभा राहतो.
आपण खाली मान घालून रक्ताचे ठिपके बघत चालतो.
तो थांबलेला असतो. कानसुद्धा हलवत नाही."

"पुढे कोण चालतं?"
त्याने भांडं खाली ठेवलं.
"माग काढणारा."

उरलेल्या कणकेचा मी एक गोळा घेतला.
शिंगं केली म्हशीची, मागे वळलेली.
"नाही, नाही. कपाळावर दोन्ही जुळतात,
मधे भांग पाडल्यासारखी, मग खाली, मग वर."
केली. पडली. आत काडी घालून पुन्हा केली.
"मान जाड. अजून जाड. कान फाटके, शिंगांच्या खाली."
पाय मात्र मांजराचे झाले.
तो हसला, कवळी हलली.
मग म्हणाला, "तोंड इकडे करा. माझ्याकडे."
पाट फिरवून दिला.
बराच वेळ दोघे एकमेकांकडे बघत बसले.
मी तेवढ्यात चार भाकऱ्या टाकल्या.

"आणि माणसाचं?" मी चुलीपाशी बसूनच विचारलं.
"माणसाचं होतं इथे. नारायणबळी.
नाव लागतं, गोत्र लागतं."

"नाव आहे. लोसेरियन."
तीनदा म्हणाला, माझ्या जिभेवर बसेपर्यंत.
"त्याच्या बायकोला कंपनीने काय दिलं,
मी विचारलं नाही. त्रेपन्न वर्षं झाली.
दुसऱ्या दिवशी बंदूक साफ केली, ते आठवतं.
चिंधी कुठल्या रंगाची होती, तेही.
गोत्र कुठून आणू?"

माहीत नसेल तर काश्यप म्हणतात.
आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं, तर रडला,
आणि रडता रडता तंबाखूची पुडी चाचपली.

परवा पहाटे तो नवं पांढरं धोतर नेसून बसला.
धोतराची सवय नव्हती, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.
गुरुजी दोनदा अडखळले,
तिसऱ्यांदा नीट म्हणाले:
काश्यपगोत्र, लोसेरियन.
शेजारच्या यजमानाने मान वळवून पाहिलं.
ब्रह्मगिरी तेव्हा ढगात होता, दिसत नव्हता.

पैसे द्यायला आला तेव्हा
रेड्याचे किती, म्हणाला.
म्हटलं, रेड्याचा दर ठरलेला नाही.

तो ओट्यावरच राहिला, वाळून तडकलेला,
तोंड अजून रिकाम्या जागेकडे.
दुपारी गल्लीतली गाय आली,
तिने शिंगांपासून सुरुवात केली.
मी हाकललं नाही.
काडी तेवढी तिने बाजूला टाकली.